पीठ बसण्याची वेळ

दगडाचं पीठ पाण्यासारखं उकळतं, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. त्याला कढईशी आणून उभं करावं लागतं. पांढरं, कोरडं, चिमटीत धरलं तर बोटांना गार लागणारं जिप्समचं पीठ. वरून पाण्याचा एक थेंब घातलेला नाही. आणि तरी खालून भट्टीची धग लागली की तासाभरात ते गुरगुरायला लागतं, त्याला लाटा येतात, झाकणावरच्या धुराड्यातून वाफेचे लोट निघतात. ते पाणी दगडाच्या पोटातलं. तिथं कोणी घातलं म्हणाल, तर ज्यानं नारळात घातलं त्यानंच.

ही कढई दोन पुरुष उंच, लोखंडी, झाकणबंद. आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही. थर्मामीटर होता, पण त्याच्या नळीवर पिठाचा पापुद्रा धरायचा आणि काटा एकशे तीसवर जाऊन रुसून बसायचा. त्यामुळे कढई चालायची ती एका माणसाच्या कानावर. चौतीस वर्षं. त्याला कारखान्यात सगळे कानसेन म्हणत.

कानसेनकडे हातभर लांबीचा लाकडी दांडा होता. एक टोक कढईच्या अंगाला, दुसरं कानामागच्या हाडाला. पहिली उकळी सुरू झाली की तो मान हलवायचा. ती पाऊण तास चालायची, मग हळूहळू मंद व्हायची, आणि एका क्षणी पीठ बसायचं. दमलेला माणूस खुर्चीत बसताना एक सुस्कारा टाकतो ना, तेवढाच आवाज. तो ऐकू आला की कानसेन झडप उघडायचा आणि पीठ धडधडत खालच्या हौदात. हातात वेळ पाच-सात मिनिटांची. ती चुकली तर पीठ मेलंच म्हणून समजा.

मेलं म्हणजे काय, ते थोडं सांगायला हवं. जिप्समचा खडा आतून थरांचा असतो. कॅल्शियम आणि सल्फेटचे पत्रे एकावर एक, आणि दर दोन जोडपत्र्यांमध्ये पाण्याचा एक थर. धग लागली की पाऊण पाणी उठून निघून जातं. पाणी गेल्यावर पत्र्यांना पहिल्यासारखं राहता येत नाही. ते सरकतात, मोडतात, आणि नव्यानं उभे राहतात ते खांब होऊन. खांबांच्या मधे बोळ राहतात आणि उरलेलं पाव पाणी त्या बोळांत दाटीवाटीनं राहतं. हे झालं प्लास्टर. यात पाणी कालवलं की ते उघड्या बोळांतून आत शिरतं, आणि पुन्हा जिप्सम होता होता सुया सुया वाढतात, एकमेकींत अडकतात, दगड घट्ट धरतो. पण धग जास्त झाली, तर ते पाव पाणीही जातं, आणि मग दगड बोळच बुजवून टाकतो. कण कणाला खेटून बसतो. मग वरून घागरभर पाणी ओता, ते बाहेर आणि तो आत. रंग तोच, बोटाला लागतो तसाच. फक्त तो आता कुणाला दार उघडत नाही.

हे सगळं कानसेनला त्याच्या मुलीनं समजावून सांगितलं होतं. ती त्याच कारखान्यात, वरच्या मजल्यावर तपासणीच्या खोलीत काम करायची. दवाखान्यांना जाणारं प्लास्टर म्हणून दर घाण्याची तपासणी करावी लागे. एक्स-रेच्या यंत्रात चिमूटभर पीठ ठेवलं की कागदावर सुळक्यांची रांग उमटायची. कागदाच्या तळाशी अंशांचे आकडे. अकराच्या पुढं सुळका आला तर पीठ कच्चं. चौदाच्या पुढं आला तर झकास. आणि चौदाचा खचून पंचविसाच्या पुढचा एकटाच उंच उभा राहिला, तर मेलेलं.

ती सांगत असताना कानसेननं शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं आणि मग म्हणाला होता, "म्हणजे मी इतकी वर्षं जे कानानं ऐकतोय, ते तू कागदावर पाहतेस. बरंय. बापलेकीत काहीतरी एक आलं."

तेव्हापासून दर घाण्यानंतर संध्याकाळी हात धुऊन तो वर यायचा. "कसा होता?" विचारायचा. ती आलेख पुढं करायची आणि तो चौदाच्या सुळक्यावर बोट ठेवायचा, नातवाच्या डोक्यावर हात ठेवावा तसं.

कान कधी जायला लागले ते त्याचं त्यालाच ठाऊक. घरात मुलीच्या आईला सगळ्यांत आधी कळलं.

"मी स्वयंपाकघरातून बोंबलते तर यांना ऐकू येत नाही," ती म्हणायची. "आणि लोखंडाच्या पोटातला सुस्कारा बरा ऐकू येतो!"

"तो कामाचा असतो," बाप म्हणायचा.

"हे बरं ऐकू आलं!"

मुलीला कळलं ते एका दुपारी, नमुना घ्यायला खाली गेली तेव्हा. बाप कढईला टेकून उभा होता, आणि दांड्याचं टोक कानामागं नव्हतं. त्यानं ते दातांत धरलं होतं. डोळे मिटून, कणसासारखा दांडा दातांत पकडून, तो लोखंडाचं बोलणं जबड्यानं ऐकत होता.

तिला पाहून त्यानं दांडा काढला. लाजला नाही. "कानापेक्षा दाताला स्वच्छ लागतं," म्हणाला. "आधी सुचलं असतं तर कान कशाला झिजवले असते?"

आणि खरंच, दोन-अडीच वर्षं दातांनी नीट निभावलं. एकही घाणा गेला नाही. पोती भरणारा मामा कुणा नव्या माणसाला सांगायचा, "आमचा कानसेन आता दंतसेन झालाय. कढईला चावून सांगतो शिजलं की नाही." पण हे साहेबांच्या कानावर जाणार नाही एवढी काळजी सगळेच घ्यायचे.

मग पुढचे दात हलायला लागले. जेवताना त्याला घास चावता येईना, तो पातळ कालवून गिळायचा. मुलीला बघवेना. तिनंच हट्ट धरला, दाताच्या डॉक्टरकडे नेलं, हलणारे काढून पुढची कवळी बसवून घेतली. घरी आल्यावर आरशापुढं उभं करून म्हणाली, "बघा, कसे नवरदेव दिसता!" आई हसली, तो हसला. मायेनं केलेल्या कामात खोट निघेल असं कुणाला वाटतं?

पंधरा दिवसांत पहिला घाणा मेला. तिनं नियमाप्रमाणे लिहिलं, पीठ बाहेर टाकलं गेलं. साहेबांनी बापाला बोलावून घेतलं. साहेब वाईट माणूस नव्हते.

"चौतीस वर्षांत हा पाचवा," ते मोठ्यानं म्हणाले, कारण एव्हाना सगळेच त्याच्याशी मोठ्यानं बोलत. "मी काही बोलत नाही. पण आपण आता दवाखान्यांना माल देतो. आणखी एक गेला, तर कढई बटणांवर टाकायची आणि बटणांचा माणूस आणायचा, असं वरून ठरलंय. तुम्हाला पोत्यांवर घेऊ. काम जाणार नाही."

बाप घरी येऊन नीट जेवला. रात्रीची भांडी घासून झाली. मग एवढंच म्हणाला, "पोत्यांवर वाईट काय आहे? मामा आहेच की तिथं." आणि थोड्या वेळानं, कुणी काही विचारलेलं नसताना, "पण कढईपाशी मला ऐकू येतं गं. बाकी कुठंच येत नाही."

हे वाक्य मुलीच्या काळजात काट्यासारखं रुतलं.

आठवड्याभरानं पुढचा घाणा गार झाला. नमुन्याचा नियम असा, की लांब नळी हौदात खुपसून तीन ठिकाणचं पीठ घ्यायचं, वरचं, मधलं आणि तळाचं, आणि ते एकत्र करून तपासायचं. कारण मरतं ते तळाचं. ढवळणारं पातं जुनं, झिजलेलं, कढईच्या बुडापासून वीतभर वर राहणारं. पीठ बसल्यावर उशीर झाला तर बुडाशी टेकलेला थर तसाच भाजत राहतो, वरचं मात्र चांगलं राहतं. झडप बुडाशी नसून कुशीत होती, त्यामुळे वरचं वाहून गेल्यावर बुडाचं माणसानं फावड्यानं ओढायचं. हौदात मग ते एका कोपऱ्यात, तळाशी लावलेल्या फळीमागं साठायचं आणि पोत्यांत सगळ्यांत शेवटी भरलं जायचं.

तिनं तिन्ही ठिकाणचं घेतलं. यंत्रात ठेवलं. कागद सरकायला लागला, रेघ अकरापाशी सपाट गेली, चौदाला उठली, पण नेहमीइतकी नाही, आणि खाली बसली. तेव्हा तिनं हात जोडले. देवा, पंचविसाला नको. आता ही प्रार्थना किती उशिराची! जे व्हायचं ते आदल्या दिवशी कढईच्या बुडाशी होऊन गेलेलं. कागद नुसता निरोप्या. पण माणूस निरोप्याच्याही पाया पडतो. रेघ पंचविसाला आली आणि सरळ वर गेली.

ती उठली, खाली गेली, आणि नळी न घेता पळीनं वरवरचं पीठ घेऊन आली. ते तपासलं. चौदाचा सुळका लख्ख. वाटीत कालवून सुई टोचून बघितली, दहा मिनिटांत सुई आत जाईना. खोटं कुठंच नव्हतं. जे पीठ तिनं घेतलं ते चांगलंच होतं. पहिला कागद तिनं चार घड्या करून ड्रॉवरमध्ये टाकला आणि दुसऱ्यावर सही केली.

संध्याकाळी बाप आला. "कसा होता?"

तिनं कागद पुढं केला. त्यानं चौदावर बोट ठेवलं, आणि त्याचा सबंध चेहरा सैल पडला.

असं सहा आठवड्यांत तीनदा झालं.

*

तो दिवस उजाडला तसाच, इतर दिवसांसारखा. सकाळी दहाला कढई भरली, भट्टी पेटली. साडेदहाला फाटकावरून निरोप आला, की दवाखान्यातून कुणी बाई आल्यात, प्लास्टरबद्दल बोलायचंय. साहेब बाहेरगावी होते, म्हणून त्यांना तपासणीच्या खोलीत पाठवलं.

त्या नर्स होत्या. पन्नाशीच्या, पायात जाड तळव्याचे बूट, हातात झाकणाचा डबा. खुर्चीत बसून त्यांनी आधी पाणी मागितलं, प्याल्या, आणि मग डबा टेबलावर ठेवला.

"मी भांडायला नाही आलेय," त्या म्हणाल्या. "विचारायला आलेय. आम्ही पाण्याचं काय चुकवतोय ते सांगा."

"पाण्याचं?"

"आमच्याकडं वाकड्या पायाची बाळं येतात. जन्मतःच पाऊल आत वळलेलं. दर आठवड्याला पाऊल हातानं थोडं सरळ करायचं आणि प्लास्टर घालायचं. सात-आठ वेळा केलं की पाय सरळ होतो. पण पंधरा दिवस झाले, पिठाची पट्टी धरतच नाही. घातली की ओलीच राहते. बाळ रात्री पाय झाडतं आणि सकाळी आई प्लास्टर हातात घेऊन येते, मोज्यासारखं निघालेलं. पाऊल पुन्हा होतं तिथं." त्यांनी कपाळ पुसलं. "गरम पाण्यात बुडवून पाहिलं. गारमध्ये पाहिलं. मीठ टाकलं. माझ्या हाताखालच्या मुलींना मी बोल बोल बोलले. एक तर रडली बिचारी. मग म्हटलं, जिथं बनतं तिथंच जाऊन विचारावं, की बाई गं, पाणी किती, कसं?"

मुलीनं डबा उघडला. पोत्यावरची चिठ्ठी नर्सबाईंनी कापून आणली होती, घाण्याचा क्रमांक आणि खाली तिची स्वतःची सही. पोत्याचा आकडाही होता. त्या घाण्याचं शेवटचं पोतं.

"किती बाळं आहेत?" तिनं विचारलं.

"त्या पोत्यातल्या पट्ट्यांवर? पाच. त्यातलं एक फार छान आलं होतं हो. दोनच आठवडे राहिले होते."

तिनं डब्यातलं पीठ यंत्रात ठेवलं. गरज नव्हती. कागद सरकत होता, आणि या वेळी तिनं हात जोडले नाहीत. कुठल्या तोंडानं जोडणार? पंचविसाचा सुळका वर जाताना नर्सबाई चष्मा लावून बघत होत्या, आपल्याला यातलं काही कळावं म्हणून.

"तुमचं पाण्याचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "पीठच मेलेलं आहे. जास्त भाजलंय. याला कितीही, कसलंही पाणी घाला. हे पाणी घेणारच नाही."

"मग आता यावर काही...?"

"नाही."

"म्हणजे औषध वगैरे, काही मिसळून?"

"बाळाच्या पायाला चालेल असं काही नाही. मी तुम्हाला चांगलं पोतं देते. आत्ता देते. उरलेलं वापरू नका, आणि आणखी दोन क्रमांक लिहून देते, त्यांची शेवटची चार-चार पोती कुणाकडं गेली असतील तर त्यांनाही सांगा. मीही फोन करते."

नर्सबाईंना राग यायला हवा होता, पण त्यांना आधी सुटल्यासारखं वाटलं. "त्या पोरीला उगाच रडवलं मी," एवढं म्हणून त्या उठल्या. दारात थांबून वळल्या. "पण ताई, सही होती ना याच्यावर?"

"हो," ती म्हणाली. "माझीच."

मग मामानं दिलेलं पोतं गाडीत ठेवून त्या निघून गेल्या. दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं.

*

ती खाली आली तेव्हा पहिली उकळी चढणीला लागली होती. जमीन पायाला बारीक थरथरत होती. बाप कढईपाशी स्टुलावर बसून होता, दांडा मांडीवर. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला भट्टीपासून थोडं बाजूला नेलं, आणि त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. नर्स, बाळं, डबा. मग तीन घाणे. मग पळी.

मोठ्यानं सांगावं लागलं. अशा गोष्टी कुजबुजून सांगायच्या असतात, पण तिला ओरडून सांगाव्या लागल्या. चार पावलांवर पोती शिवत बसलेल्या मामाचा हात थांबला.

"वरचं घेतलंस," बाप म्हणाला.

तिनं मान हलवली.

"तीनदा?"

"तीनदा, बाबा. तुम्हाला पोत्यांवर टाकतील म्हणून."

तो चिडेल असं तिला वाटलं होतं. तो चिडला नाही. कोरड्या पिठानं पापण्या पांढऱ्या झालेल्या.

"कान गेले ते मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "कवळी घातल्यावर दातही मुके झाले, तेही ठाऊक होतं. दांडा चावला की नुसतं हूं हूं लागतं, उकळी कुठली आणि बसणं कुठलं, समजत नाही. पहिला घाणा गेला तेव्हा मी ठरवलं होतं, आता आपणच जाऊन सांगायचं. एक आणखी बघू, म्हटलं. अंदाजानं झडप उघडली. वर आलो तुझ्याकडं. तू कागद दाखवलास." त्यानं हवेत बोट टेकवलं, जिथं कागद असता तिथं. "चौदा! मला वाटलं, कान नाही, दात नाही, तरी कुठंतरी ऐकू येतंय आपल्याला. अंगात मुरलंय. दर वेळी तू कागद दाखवायचीस आणि मी मनात म्हणायचो, त्याची कृपा. तुझ्या कागदावर मी उभा होतो गं."

तिला वाटत होतं, आपण बापाला झाकलं. प्रत्यक्षात त्याला सांगणारा एकच आवाज उरला होता, आणि तोच तिनं बंद करून टाकला होता.

"सांगितलं असतंस," तो म्हणाला, "तर मी दोन दिवस वाईट वाटून घेतलं असतं. बाळाचा पाय..."

मामा जवळ आला. "अहो, ते नंतर," तो ओरडला. "कढई चालू आहे! हे पीठ कोण बघणार?"

ही खरी अडचण होती. भट्टी विझवली तरी खालच्या विटा दोन तास लाल राहतात. उकळी अर्ध्यात असताना झडप उघडली तर निम्मं कच्चं. उशीर केला तर मेलेलं. साहेब नाहीत. बटणांचा माणूस अजून कुठल्या गावाला होता कोण जाणे. आणि आज दिलेलं एक पोतं संपलं की पुढच्या आठवड्याला त्याच दवाखान्यांना लागणार होता तो हाच घाणा.

बापानं दांडा तिच्या हातात दिला. "तू ऐक."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मी सांगतो तसं ऐक. कान तुझा, अक्कल माझी."

तिनं टोक कढईला लावलं, दुसरं कानामागं. डोक्यात एकदम गडगडाट शिरला, जणू गाडी येताना रुळाला कान लावलाय. त्यात काहीच वेगळं करता येईना. बाप समोर उभा राहून तिच्या चेहऱ्याकडं बघत होता.

"आता जाड आहे का?" तो ओरडला.

"सगळंच जाड आहे!"

"खडखड आहे की घरघर?"

"दोन्ही!"

"खडखड जाईल. घरघर राहील. मग घरघरही जाईल. मग एक सुस्कारा."

ती डोळे मिटून ऐकत राहिली. मामा घड्याळ धरून उभा होता, जसं काही त्यानं कढईला घाई होणार होती. खडखड खरंच ओसरली. घरघर राहिली. बापाचा हात झडपेच्या दांडीवर, आणि नजर तिच्या तोंडावर, लहान मूल आईच्या तोंडाकडं बघतं तशी. चौतीस वर्षं सगळा कारखाना त्याच्या तोंडाकडं असा बघायचा. घरघर बारीक झाली. सुस्कारा आला का? तिला वाटलं आला. मग वाटलं, हा आपलाच श्वास. पुन्हा वाट पाहिली. आता तर काहीच ऐकू येईना, नुसती शांतता, आणि ती कधीपासून आहे तेही सांगता येईना.

"आत्ता!" ती ओरडली. "आत्ता बाबा, आत्ता!"

त्याला शब्द ऐकू गेला नाही, ओठ दिसले. त्यानं झडप ओढली. पीठ धडधडत हौदात पडलं, सगळीकडं पांढरा धूर झाला, आणि त्या धुरात तिघंही खोकत उभी राहिली.

*

पीठ गार व्हायला तीन तास लागतात. ते तीन तास बाप हौदाच्या कठड्यावर बसून होता. तिनं फोन केले, दोन क्रमांकांची पोती शोधली. एक दवाखाना सापडला. दुसऱ्यानं सांगितलं, पोतं संपलं. कुणाकुणाला लागलं ते त्यांना सांगता आलं नाही.

मग ती लांब नळी घेऊन उतरली. वरचं, मधलं, तळाचं. या वेळी तिनं ती एकत्र केली नाहीत, तीन वेगळ्या पुड्या बांधल्या आणि बापाला बरोबर घेऊन वर गेली.

वरचं चांगलं होतं. मधलं चांगलं होतं. तिसरा कागद सरकायला लागला तेव्हा बाप खुर्चीतून उठून यंत्राच्या काचेपाशी आला. अकरा सपाट. चौदाला रेघ थोडी उठली, आणि बसली. त्याला चौतीस वर्षांत कधी आलेख उमटताना बघायची वेळ आली नव्हती. तो नेहमी झालेला कागद बघायचा. आता पंचविसाचा सुळका टोकापासून नाही, बुडापासून वर चढताना त्यानं पाहिला.

"पाच मिनिटं उशीर झाला," तो म्हणाला.

"माझ्यामुळं," ती म्हणाली. त्याला ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा, स्वतःकडं बोट करून, "माझ्यामुळं!"

"छे गं," तो म्हणाला. "शिकाऊ होतो तेव्हा मी सात घाणे मारले होते. तुझ्या आज्याला विचार." आजा जाऊन वीस वर्षं झाली होती. दोघंही त्यावर किंचित हसली, आणि लगेच थांबली, कारण हसण्यासारखं तिथं काही नव्हतं.

ती टेबलाशी बसली. तपासणीचा तक्ता पुढं ओढला. आजच्या घाण्यापुढं लिहायचं होतं, आणि त्याखाली मागच्या तिन्ही घाण्यांचं खरं काय ते, आणि ते कुणी, कसं लपवलं. हे लिहिलं की कढई बापाकडून जाणार आणि बहुधा ही खोली तिच्याकडून. न लिहून आता काही वाचणार नव्हतं. त्या पाच पावलांना पुन्हा पहिल्या आठवड्यापासून सुरुवात करायची होती, आणि त्यांच्या आयांना हे कुणीतरी सांगायचं होतं.

तिनं पेन उचललं. छतावरचा पंखा कागद उचलून धरत होता, अक्षर हलत होतं. बाप जवळ आला आणि त्यानं आपला पिठाचा हात कागदाच्या वरच्या कडेवर सपाट ठेवला.

"लिही," तो म्हणाला. "मी धरलाय."